मानाचे वस्त्र कोणाचे?

भिवंडीचा धामणकर नाका ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथील गजबज निराळी सांगावयास नको. अंजूर फाट्याकडून शहरात शिरणारी वाहने, कापडाचे तागे लादलेले टेम्पो, पाळी सुटून घराकडे निघालेले माग-कामगार, आणि आसपासच्या गल्ल्यांतून दिवसरात्र चाललेला मागांचा खटखटाट. बाहेरून आलेल्या पाहुण्यास त्या आवाजात झोप येत नाही. आम्हा भिवंडीकरांस तो आवाज थांबला की जाग येते. वीज गेली असे समजावे.

या नाक्याजवळच्या एका वस्तीत दरसाल अखंड हरिनाम सप्ताह होतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. वस्ती मिश्र आहे. घाटावरून आलेले मराठी लोक आहेत, पद्मानगराकडचे तेलंगी विणकर आहेत, आणि मंडप घालणारा गडी मुसलमान आहे. सात दिवस सर्व व्यवस्था वर्गणीवर आणि देणगीवर चालते. या मंडळाच्या कामात मीही बरीच वर्षे आहे, म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यातला दोष प्रथम माझ्या पदरी घालून मगच सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. काल्याचे कीर्तन उभे राहावयाचे होते. महाराज येऊन बसले होते, टाळकरी उभे होते, पखवाजाला कणीक लावून झाली होती. परंतु त्याआधी सत्कार होते. देणगीदार, त्यांचे चिरंजीव, मंडपाला जागा देणारे, वाहने देणारे, दोन पुढारी, पुढाऱ्यांबरोबर आलेले आणखी तिघे. नावे पुकारण्याचे काम माझ्याकडे होते. एकूण तेवीस शाली आणि तेवीस नारळ निघाले. पाऊण तास गेला. मंडळी एकामागून एक वर येत, शाल खांद्यावर पडे, फोटो निघे, आणि पायरी उतरता उतरता शालीची घडी काखेत जाई. मला स्वतःलाही एक शाल मिळाली. ती मी नको म्हटले नाही.

या सर्व वेळात एक म्हातारे गृहस्थ व्यासपीठाच्या कडेला बसून एक काम करीत होते. शाल ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून निघते त्या पिशव्या गोळा करून ते एकात एक कोंबीत होते, म्हणजे वाऱ्याने उडून प्रसादाच्या जागी जाऊ नयेत. हे बाबा मूळचे तेलंगणाचे, आयुष्यभर मागावर राबलेले. बारा तासांची पाळी करून सातही रात्री दोन ते चार या प्रहराला वीणा घेऊन उभे राहिले होते. रात्रीचा तो प्रहर कोणी मागून घेत नाही. तो ज्याच्या गळ्यात पडतो त्याच्या पडतो. मी तेवीस नावे पुकारली, त्यात हे नाव नव्हते. माझ्या यादीत नव्हते म्हणून पुकारले नाही, इतके साधे आहे. यादी मीच केली होती.

हे त्या दिवशी माझ्या ध्यानातही आले नाही. ते आले पुढे चार महिन्यांनी, दूर झाडीपट्टीत, आणि तेही एका परक्या धर्माच्या माणसाच्या हातून. ते कसे ते सांगतो.

आमच्या दिंडीत अर्जुनी-मोरगावकडचे एक वारकरी आहेत. त्यांच्या गावच्या सप्ताहाला मी गेलो होतो. काला झाल्यावर ते म्हणाले, "बुवा, इथून जवळच तिबेटी लोकांची वस्ती आहे. पाहून घ्या." गोंदिया जिल्ह्यात प्रतापगड आणि गोठणगाव यांच्या परिसरात ही नोर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे. 1959 साली दलाई लामा तिबेट सोडून हिंदुस्थानात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी कुटुंबे आली, आणि सरकारने त्यांना देशात ठिकठिकाणी वसविले. महाराष्ट्रातली ही वसाहत 1972 सालची. त्या वेळी तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा 1999 साली निराळा झाला. धानाची शेती, नवेगावबांधचे जंगल, आणि त्यात अवचित दिसणाऱ्या रंगीत पताका. थंडीच्या दिवसांत आपल्या शहरांतून लोकरीचे स्वेटर विकावयास जे तिबेटी लोक बसतात ते अशाच वसाहतींतून आलेले असतात. आपण त्यांच्याशी भावाची घासाघीस करतो. त्यांचे घर कोठे आहे हे विचारीत नाही.

तेथे एका घरी आम्ही गेलो. घरच्या आजीबाईंनी मीठ-लोणी घातलेला चहा दिला (त्याच्या चवीविषयी मी येथे लिहीत नाही, आतिथ्याचा अपमान होईल) आणि निघताना आमच्या प्रत्येकाच्या गळ्यात एक पांढरे, पातळ, लांबट वस्त्र घातले. दोन्ही तळहातांवर आडवे धरून, किंचित वाकून. या वस्त्राला ते 'खता' म्हणतात, कोणी 'खताग' म्हणतात. भिवंडीत उर्दू-हिंदी बोलणारे शेजारी पुष्कळ. परत आल्यावर मी हे नाव सांगितले तेव्हा एक मोमीन मित्र हसून म्हणाला, "खता? किसकी खता?" हिंदी-उर्दूत खता म्हणजे चूक. त्याने थट्टा केली, पण बाण नेमका लागला.

घरातून आम्हाला त्यांच्या प्रार्थनामंदिरात नेले. तेथे एक वृद्ध लामा बसले होते. बरोबरच्या मुलाने आम्हा दोघांच्या हातांत एकेक नवा खता दिला आणि लामांना तो अर्पण करावयास सांगितले. मी दोन्ही हातांनी पुढे केला. लामांनी तो घेतला, क्षणभर कपाळाकडे नेल्यासारखे केले, आणि लगेच माझ्याच गळ्यात घातला.

खरे सांगतो, माझे तोंड उतरले. मला वाटले, आपली भेट यांनी परत केली. आपल्या हातून काही चुकले, किंवा परधर्मीयाचे वस्त्र त्यांना चालत नसावे. बाहेर आल्यावर मी त्या मुलाला म्हटले, "महाराजांनी घेतला नाही का?" त्याने चांगल्या मराठीत उत्तर दिले, तो मराठी शाळेत शिकलेला होता. म्हणाला, "काका, घेतला की! घेतल्याशिवाय देतील कसा? तुम्ही दिला तो कापड होता, त्यांनी दिला तो आशीर्वाद." मोठ्याला वाहिलेला खता पुष्कळदा असा त्याच्या हातून वाहणाऱ्याच्याच गळ्यात परत येतो. त्यालाच मान स्वीकारणे म्हणतात.

त्या रात्री झाडीपट्टीतल्या त्या घराच्या ओसरीवर पडल्या पडल्या मला प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करणारे बाबा आठवले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण एखाद्याचा मान करतो तेव्हा ते वस्त्र कोणाचे होते? देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, की कोणाचेच नव्हे?

कोणी म्हणेल, वारकऱ्याला हा प्रश्नच पडू नये. आमच्याकडे शाल नाही, श्रीफळ नाही. भेटला की पायावर डोके ठेवावे, उराउरी भेटावे, संपले. आणि हे खरेच आहे. वारीच्या वाटेवर दोन माणसे भेटतात तेव्हा दोघे एकाच वेळी वाकतात. थोरला कोण, धाकटा कोण, जात कोणती, हे पाहावयास सवड नसते. घाई झाली तर कपाळावर कपाळ आपटते आणि दोघेही 'माउली, माउली' म्हणत हसतात. दोघांनाही एकमेकांत तोच पांडुरंग दिसावा अशी अपेक्षा आहे, मग कोणी कोणाला वाकावयाचे हा हिशोब राहातच नाही.

परंतु एवढ्यावर समाधान मानून गप्प बसता येत नाही. कारण तोच वारकरी गावी परतला की सत्काराची यादी करतो. मीच केली. दिंड्यांतही रथापुढची, रथामागची असा क्रम आहे, मानकरी आहेत, आणि मानपानावरून रुसवेफुगवे होतात हे वारीला जाणाऱ्या कोणाला ठाऊक नाही? तेव्हा 'आमच्याकडे सर्व समान आहे' असे म्हणून तिबेटी चालीकडे कौतुकाने पाहाणे जसे बरोबर नाही, तसे त्यांचे सर्वच सोज्वळ मानणेही बरोबर नाही. त्यांच्या खत्यालाही पायऱ्या आहेत. जुन्या ल्हासात खत्यांच्या प्रती होत्या. मोठ्या अधिकाऱ्याला उंची रेशमाचा, लांबरुंद, मध्यमाला मध्यम, सामान्याला विरळ विणीचा. देण्याच्या रीतीतही भेद होता. मोठ्यापुढे वाकून हातांवर किंवा पुढ्यात ठेवावयाचा, बरोबरीच्याला हातात द्यावयाचा, धाकट्याच्या मात्र गळ्यात घालावयाचा. म्हणजे कापड पाहूनच कळावे की कोणाचा अधिकार किती. मनुष्य जेथे गेला तेथे आपली शिडी बरोबर घेऊन गेला, हिमालय चढूनही ती खाली टाकली नाही.

तरीही त्या वस्त्रात काही तरी आहे. ते काय हे पाहावे.

त्यांच्याकडे खत्यावाचून कोणतेच काम होत नाही. पाहुणा आला की खता, पाहुणा निघाला की खता. लग्नात वधूवरांना इतके घालतात की चेहरे दिसेनासे होतात. मूल जन्मले की खता, माणूस गेला की त्याच्यासाठी खता. पूर्वी पत्र पाठवावयाचे तर त्याबरोबरही एक पातळ खता पाठवीत, म्हणजे लिहिणाऱ्याचा नमस्कार कागदाआधी पोचे. देवाच्या मूर्तीला वाहतात, डोंगरातल्या खिंडीत आणि पुलांवरही बांधतात. बहुतेक पांढराच असतो. मंगोल लोकांत निळा मोठा मानतात. कापडात पुष्कळदा अष्टमंगल चिन्हे विणलेली असतात: छत्र, मत्स्ययुगुल, कलश, पद्म, शंख, श्रीवत्सासारखी गाठ, ध्वज, चक्र. ही चिन्हे आपल्याला परकी नाहीत. पूर्वी चांगला खता रेशमी असे. आता बहुतेक खते कारखान्यात, कृत्रिम धाग्याचे निघतात आणि स्वस्त असतात.

त्यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. 17 मार्च 1959 च्या रात्री दलाई लामा ल्हासातला नोर्बुलिंगका महाल सोडून गुप्तपणे निघाले. निघण्यापूर्वी ते आपल्या रक्षक देवतेच्या, महाकालाच्या, मंदिरात गेले आणि तेथे त्यांनी एक खता वाहिला. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी याचा अर्थ सांगितला आहे: निघताना खता वाहाणे म्हणजे देवतेची आराधना तर खरीच, पण परत येण्याचा संकल्पही त्यात असतो. आज त्याला साठावर वर्षे लोटली. ते परत गेलेले नाहीत. त्या खत्याचे पुढे काय झाले असेल कोण जाणे. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणू देत नाहीत, 'येतो म्हण' असे आई दटावते. पंढरीहून निघालेला वारकरी कळसाला हात जोडताना पुढच्या वारीचेच बोलतो. तेव्हा निरोपात परतणे असते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. परंतु मानात परतणे असते हे मात्र आपण विसरलो.

विसरलो म्हणतो, कारण एके काळी ते ठाऊक होते. घरातल्या बायकांना तर अजून ठाऊक आहे. सवाष्णीची ओटी भरतात तेव्हा ती त्यातले चार दाणे परत टाकते. सर्व ओटी उचलून ती निघून जात नाही. शेजारणीने वाटीतून काही पाठविले तर वाटी रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर का होईना तीत पडते. लहानपणी मला वाटे ही उपकार फेडण्याची रीत आहे. ती तशी नसावी. चार दाण्यांनी ओटी फिटत नाही आणि चिमूटभर साखरेने वाटीभर आमटीची किंमत होत नाही. देणारीही रिती राहू नये, एवढेच त्यात आहे.

उलट पुरुषांच्या मानपानाकडे पाहा. लग्नात टॉवेल-टोपी. ती टोपी कोणाच्या डोक्याला बसत नाही आणि तो टॉवेल कोणाचे अंग पुसत नाही. मानाच्या साड्या तशाच. एका लग्नात आलेली दुसऱ्या लग्नात जाते, तिसऱ्यात पुन्हा पहिल्या घरी येते, घडी न मोडता. शालींचेही तेच. आमच्या घरी ट्रंकेत चौदा शाली निघाल्या. आमची मंडळी म्हणाली, "एवढ्या शाली, पण थंडी पडली की तुम्ही मागता गोधडीच." मी निरुत्तर झालो.

येथे एक शंका येईल. फिरणारी शाल वाईट आणि परत येणारा खता चांगला, हे कसे? दोन्ही फिरतातच की! समाधान असे की, शाल लपून फिरते. ज्याने दिली त्याला कळू नये, ज्याला दिली त्याला कळू नये, अशी खबरदारी घेऊन ती फिरते. खता देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच गळ्यात येतो. शाल फिरते तेव्हा दोघांपैकी एकाची फसगत असते. खत्यात तशी नाही.

आता दुसरी शंका, आणि ही मला अधिक कठीण वाटते. मानाचे हे सर्व बाह्य उपचार टाकूनच का देऊ नयेत? अंतरी भाव असला म्हणजे झाले. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत, त्यातले पहिलेच अमानित्व. ज्ञानेश्वर माउलींनी त्यावर विस्ताराने लिहिताना अशा पुरुषाची अवस्था सांगितली आहे की, त्याचा कोणी गौरव करू लागला तर तो पारध्याने कोंडलेल्या हरिणासारखा कासावीस होतो. तुकोबांकडे शिवाजी महाराजांनी नजराणा पाठविला आणि तुकोबांनी तो परत केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मग मानच नको, शालच नको, खताही नको.

ऐकावयास हे छान आहे. परंतु अमानित्व हे घेणाऱ्याचे लक्षण आहे. मला मान नको असे मी म्हणावे, हे ज्ञान. दुसऱ्याला मान नको असे मी ठरवावे, हा कद्रूपणा होय. आमच्या मंडळात एक गृहस्थ नेहमी म्हणत, "सेवेकऱ्यांना कशाला शाली? ते निष्काम सेवा करतात." म्हणजे ज्याने पैसे दिले तो सकाम, म्हणून त्याला शाल, आणि ज्याने रात्री जागविल्या तो निष्काम, म्हणून त्याला काही नाही! असल्या वेदान्ताने आपली सोय फार होते. माझ्या यादीच्या मुळाशी हाच वेदान्त होता, फक्त मी तो तोंडाने बोललो नव्हतो.

शिवाय भाव निराकार असतो हे खरे, पण माणूस साकार आहे. दोन्ही हात वस्त्रात गुंतले की हातांना दुसरे काही करता येत नाही. फोन धरता येत नाही, बिडी धरता येत नाही. तेवढा वेळ तरी समोरच्याकडे पाहावेच लागते. पायावर डोके ठेवणे हाही बाह्य उपचारच आहे. मन कोरडे असतानाही मी कितीदा वाकलो असेन! परंतु वाकल्यावर कधी कधी मन मागाहून आले, असा अनुभव आहे. कंबर आधी वाकते, अहंकार सावकाश वाकतो. उपचार सोडून दिला तर तेवढीही संधी गेली.

तेव्हा वस्त्र असू द्यावे. ते अडू नये, एवढेच.

सांप्रदायातल्या कथा या दृष्टीने पाहिल्या तर निराळ्या दिसतात. जनाबाईच्या घरी देव दळू लागावयास आला आणि पहाटे घाईने परतताना स्वतःचा शेला विसरून तिची वाकळ पांघरून गेला, असे सांगतात. देवाने जनीला शेला बहाल केला असे कथा म्हणत नाही. अदलाबदल झाली असे म्हणते. राउळात देवाच्या अंगावर वाकळ होती! जनीचा मान झाला तो शेला मिळाल्याने की वाकळ घेतली गेल्याने? मला वाटते, वाकळ घेतली गेल्याने. शेल्याने तर तिच्यावर चोरीचा आळ आणला.

आणि चोखोबा. देवाचा हार त्यांच्या गळ्यात दिसला म्हणून त्यांना मार बसला, असे परंपरा सांगते. मान देवाने केला, आणि तो मान या गळ्यात शोभत नाही असे गावाने ठरविले. येथे हार मुद्द्याचा नाही. कोणत्या गळ्यात हार शोभतो हे ठरविणारा कोण, हा मुद्दा आहे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. सर्वांसाठी राउळाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली पंढरपुरात उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे गेली आणि यादी तीच होती. माझी तेवीस नावांची यादी तिच्यापुढे फार लहान आहे खरी, परंतु जातीची नसली तरी ती त्याच कागदावर लिहिली होती असे मला वाटते. गळे आधी ठरले होते.

भिवंडीच्या माणसाने तर याचा विचार इतरांहून अधिक करावयास हवा. आपल्या गावात लाखो माग चालतात. विणकर उत्तरेकडून आले, तेलंगणातून आले. मोमीन-अन्सारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथे आहेत. ताणा ओढावा, बीम चढवावा, तुटलेला धागा जोडावा, बारा तास उभे राहावे. भिवंडीत निघते ते बहुतेक कोरे कापड. ते रंगाला आणि छपाईला दुसरीकडे जाते, आणि मग त्याचे काय होते ते विणणाऱ्याला कळत नाही. कोणाची ओढणी होते, कोणाचे अस्तर, कोणाचे कफन. त्यातला एखादा वार कोणाच्या सत्काराचाही होत असेल. विणणारा तो सत्कार पाहावयास जात नाही, त्याची पाळी असते. कबीर विणकर होते आणि नामदेव शिंपी, हे आपण कीर्तनात मोठ्या प्रेमाने सांगतो. नाक्यावरचा विणकर मात्र कीर्तन चालू असता मंडपाच्या कनातीबाहेर उभा राहून ऐकतो.

आपल्याजवळ खत्याहून सुंदर एक वस्तू आहे, ती म्हणजे वीणा. सप्ताहात ती जमिनीला टेकवीत नाहीत. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. प्रहर संपला की वीणा कोणाच्या घरी जात नाही. तिची घडी करून ट्रंकेत ठेवता येत नाही. ज्याच्या गळ्यात ती आहे तो तेवढा वेळ सर्व मंडपाला वंद्य, आणि उतरली की पुन्हा तो चपला सांभाळावयास मोकळा. आणि वारीत माउलींचा जो अश्व असतो त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. हजारो लोक रिंगणात त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. एवढा मोठा मान, आणि खोगीर रिकामे. घोड्याला काय त्याचे! असे एखादा म्हणेल. खरे आहे, घोड्याला काही नाही. म्हणूनच तो मान त्याच्यापाशी अडकत नाही.

झाडीपट्टीतून परत आल्यावर मी मंडळाच्या बैठकीत हा विषय काढला. म्हटले, यंदा शाली बंद करू. एकच चांगले सुती उपरणे आणू. ते पहिल्याच्या गळ्यात घालू, त्याने ते दुसऱ्याच्या गळ्यात घालावे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. वीणेसारखे. खजिनदार म्हणाले, "बुवा, तुमचं तत्त्वज्ञान उत्तम आहे, पण महाप्रसादाचा तांदूळ कुठून येतो ते ठाऊक आहे ना? शाल नाही मिळाली तर पुढल्या साली पावतीपुस्तक घेऊन तुम्ही फिरा." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. हजारभर माणसे शेवटच्या दिवशी जेवतात. त्यात असे कित्येक असतात की ज्यांना त्या दिवशी पोटभर मिळते. एका शालीपायी दोन पोती तांदूळ येत असेल तर शाल घातलेली वाईट का? त्या बैठकीत मला याचे उत्तर देता आले नाही, आणि आजही संपूर्ण देता येत नाही. एवढेच म्हणालो की ज्यांना शाल हवीच आहे त्यांना ती कीर्तनाच्या आदल्या दिवशी घरी जाऊन देऊ, चहा घेऊ, दोन शब्द बोलू. काल्याच्या दिवशी मात्र उपरणेच फिरेल. रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला. शेवटी सहा विरुद्ध पाच अशी संमती मिळाली, तीही एका वर्षापुरती.

त्या वर्षी उपरणे फिरले. दोन देणगीदारांनी काल्याच्या दिवशी मंडपातच शाल मागितली, तीही दिली. सप्ताह मोडू नये. उपरणे प्रथम महाराजांच्या गळ्यात घातले. त्यांनी ते पखवाजवाल्याच्या गळ्यात घातले. तेथून आचाऱ्याकडे, पाणी भरणाऱ्या मुलांकडे, मंडपवाल्याकडे. तो जरा संकोचला, पण त्याने मान वाकविली. एका पुढाऱ्याने ते घेतल्यावर पुढे कोणाला द्यावे हे त्यांना सुचेना. ते इकडे तिकडे पाहू लागले. मंडळी हसली, तेही हसले, आणि जवळच्या एका पोराच्या गळ्यात घालून मोकळे झाले. सर्व मिळून दहा मिनिटे लागली असतील.

तेलंगणाच्या बाबांकडे ते माझ्या हातून गेले. मी दोन्ही हातांवर धरून वाकलो आणि त्यांच्या गळ्यात घातले. मनात मी काही बोलण्याची तयारी केली होती. मागच्या वर्षी आपले नाव राहिले, क्षमा करा, असे काहीसे. परंतु बाबांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. त्यांनी उपरण्याचा काठ अंगठ्याने आणि बोटाने चोळून पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन वीण मोजल्यासारखी केली, आणि म्हणाले, "हे आपल्याकडचं नाही. किती पडले?"

मी किंमत सांगितली.

"फसवलं तुम्हाला," बाबा म्हणाले, आणि उपरणे माझ्या गळ्यात घालून ते पंगतीच्या पत्रावळी मांडावयास गेले.